सात महिने कंबर सांगितली

माझं माकडहाड दुखत होतं. एवढं एक वाक्य घराबाहेर पडायला सात महिने लागले, आणि तेही मी काढलं नाही, माझ्या सासूबाईंनी काढलं. आता दुखणं बरंचसं गेलंय आणि लाज तर पुरती गेलीय, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे खरोखर खुर्चीवर बसले, अर्धा तास, चहा पीत. ज्यांना हे दुखणं झालंय त्यांना या बसण्याचं कौतुक कळेल.

मी शोभा, वय एक्कावन्न. साताऱ्यात चौदा वर्षं बायकांना स्कूटर शिकवते. माझ्याकडे येतात त्या चाळिशी-पन्नाशीच्या. घरातल्या पुरुषांनी एक-दोनदा शिकवायला घेऊन, ओरडून, शेवटी नाद सोडून दिलेल्या. त्यांच्यासाठी माझी पद्धत ठरलेली. पहिले आठ दिवस मी मागच्या सीटवर बसते, दोन्ही बाजूंनी हात पुढं घालून हँडल धरते, पाय जमिनीलगत सोडते आणि कानाशी बोलत राहते. "पुढं बघ. चाकाकडं बघू नको. पुढं बघ." गाडी कलंडायला लागली की माझे पाय टेकतात. मागं कुणीतरी आहे एवढ्या भरवशावर या बायका गाडी चालवायला शिकतात. मी मागं बसले नाही तर त्या चावीसुद्धा फिरवत नाहीत. तेव्हा माझं सगळं काम, जे काही थोडंफार नाव आहे ते, मागच्या सीटवर बसता येण्यावर आहे. ते बसणंच गेलं.

मी पडले आणि भाभी शिकल्या

मुमताजभाभींचा तो सहावा दिवस. भाभी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, त्यांचे मिस्टर गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. घरात पन्नास गाड्यांची सीटं येऊन गेली, पण सीटवर बसायची पाळी आता आली, असं त्या स्वतःच सांगायच्या. मी म्हटलं, "भाभी, आता मी हात काढते हं." त्यांना वाटलं, हात काढते म्हणजे आता जोर लावायचा. त्यांनी अॅक्सिलेटर असा पिळला की गाडी माझ्याखालून निघून गेली. मी मैदानावरच्या मुरमात बसले, सरळ, धप्पकन.

गंमत म्हणजे भाभींना पत्ताच नाही. त्या पुढं बघत गाडी हाकतायत आणि मागं मी आहे असं समजून विचारतायत, "मॅडम, बराबर चाललंय ना?" मी खालूनच ओरडले, "बरोबर चाललंय, पुढं बघा." मैदानाच्या टोकाला जाऊन त्यांनी ब्रेक दाबला, पाय टेकले, वळून बघितलं आणि मग किंचाळल्या. पण त्या दिवशी भाभी एकट्यानं गाडी चालवायला शिकल्या हे खरं. मी उठले, कपडे झटकले आणि बाकीच्या बायकांबरोबर पोट धरून हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावरून उठताना बुडाशी अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

कंबर

रात्री जेवताना आमच्या मिस्टरांनी विचारलं, "काय झालं? अशी वाकडी का बसलीस?"

मी म्हटलं, "कंबर धरलीय."

संपलं. त्या एका शब्दानं माझे सात महिने खाल्ले. आता कुणी म्हणेल, नवऱ्याला सांगायला कसली लाज? पण तुम्हीच बघा, आमच्याकडं बाईचं डोकं दुखतं, पाठ दुखते, कंबर दुखते आणि त्याच्याखाली एकदम गुडघे दुखतात. मधल्या भागाला दुखायची परवानगीच नाही. बरं, आमचे डॉक्टर म्हणजे मिस्टरांचे शाळेतले दोस्त. दिवाळीला फराळाला येतात, मला वहिनी म्हणतात. त्यांच्यापुढं उभी राहून मी काय सांगणार? त्यांनी विचारलं, "कुठं दुखतंय वहिनी?" मी साडीच्या वरच्या काठाला हात लावला आणि म्हटलं, "कंबर."

त्यात त्या बिचाऱ्यांची काहीच चूक नाही. त्यांनी कमरेचा एक्सरे काढला, वयाप्रमाणे थोडी झीज दिसली, आणि त्यांनी कमरेवर अगदी योग्य ते उपचार केले. पट्टा दिला. गादी काढून फळीवर झोपायला सांगितलं. मऊ सोफ्यावर बसायचं नाही, लाकडी खुर्चीवर ताठ बसायचं. मी मेली आज्ञाधारक. लाकडी खुर्चीवर ताठ बसायची आणि जे हाड दुखतंय त्याच्यावरच सगळा भार द्यायची. कमरेला वजनं लावून ओढून झालं. एका मालिशवाल्या बाईनं आठ दिवस कंबर चोळली. माझी कंबर इतकी छान झाली की काय सांगू, वीस वर्षांत अशी नव्हती. दुखणं मात्र वाढतच चाललं.

उभी बाई

या दुखण्यात माणूस आजारी दिसत नाही, हा मोठा घोटाळा. चालते-फिरते, स्वयंपाक करते, मग झालंय काय? फक्त बसता येत नाही, आणि बसलं तर उठता येत नाही. मी टीव्ही उभ्यानं बघायची. भाजी उभ्यानं निवडायची. पुतणीच्या लग्नात पंगतीत बसायला नको म्हणून आग्रहानं वाढायला घेतलं, तर सगळे म्हणाले, शोभाला कामाची किती हौस. संडासला जायचं मी होईल तेवढं टाळायची. हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

क्लास चालू ठेवायचा प्रयत्न केला. मागं बसायच्या ऐवजी गाडीशेजारून पळायला लागले. पन्नाशीची बाई, कमरेला पट्टा, आणि "पुढं बघ, पुढं बघ" म्हणत पळतीय. बायका माझ्याकडंच बघायला लागल्या आणि गाड्या कुंपणावर जायला लागल्या. अकरा जणींच्या तीन राहिल्या.

एक दिवस मिस्टर म्हणाले, "बंद कर आता तो क्लास. शरीरापेक्षा जास्त आहे का?" ते काळजीनं म्हणाले होते, मला कळत होतं. तरी मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. शाळेत क्लार्क आहेत ते, शांत माणूस, पण तेही वैतागले होते. चार प्रकारच्या गोळ्या झाल्या, गुण नाही. मला आतून वेगळ्याच भीतीनं धरलं होतं. सात महिने औषधं करून जे जात नाही ते काहीतरी वाईट असणार. आमच्या शेजारच्या काकू अशाच कुठंतरी दुखत दुखत गेल्या होत्या. मी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. वाईट गाठ असेल आणि मी लाजेपायी ती झाकून ठेवत असेन तर? आणि तरीसुद्धा सांगत नव्हते. माणूस एवढा येडा असू शकतो.

मिरजेला

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मूळच्या कडेगावकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, जीभ पंचविशीची. त्यांचे डोळे मिरजेला दाखवायचे होते. मिस्टर म्हणाले, "मिरजेत एवढे दवाखाने आहेत, हिलाही हाडाच्या डॉक्टरला दाखवू. दोघींचं एकाच खेपेत होईल."

एसटीत रिझर्वेशन होतं. मी साताऱ्यापासून कराडपर्यंत उभी. कंडक्टर म्हणाले, "मावशी, तुमची सीट रिकामी हाय की." मी म्हटलं, "पाय मोकळे करतेय." इस्लामपूर आलं तरी माझे पाय मोकळेच होत होते. पुढं आष्ट्यापर्यंत खड्ड्यांनी असं हाणलं की उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी. आत्या खिडकीशी बसून भडंग खात माझ्याकडं बघत होत्या. सांगलीला नणंदेकडं मुक्काम केला आणि सकाळी मिरज गाठली.

आधी आत्यांचे डोळे झाले. त्यांच्या डोळ्यांत ते बाहुली मोठी करायचं औषध घातलेलं, त्यांना चार हातांवरचं धड दिसत नव्हतं. तशाच त्यांना धरून आम्ही हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान, हसऱ्या. मी मनात म्हटलं, चला, बाई आहेत. पण खोलीत मिस्टर, आत्या, एक नर्स आणि दाराशी पुढच्या नंबरचा पेशंट डोकावत होता.

डॉक्टर म्हणाल्या, "एक बोट ठेवून दाखवा, नेमकं कुठं दुखतं."

माझं बोट सवयीनं पट्ट्यावर गेलं. त्यांनी तिथं दाबलं. "इथं?" काही नाही. "इथं?" काही नाही. त्या म्हणाल्या, "तुमची कंबर तर चांगली आहे हो."

तेवढ्यात आत्या स्टुलावरून बोलल्या. "आवं डाक्टरीणबाई, हिची कंबर न्हाई दुखत. हिचं बूड दुखतंय. बुडाचं हाड. मैदानात आपटली तवापास्नं. एका कुल्ल्यावर बसती बगा, आन् उठताना दात खाती."

मिस्टर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. नर्सनं तोंडाला रुमाल लावला. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

मी म्हटलं, "आत्या, तुमाला ठाऊक होतं?"

"ठाऊक न्हाई व्हय? मला डोळं न्हाईत का?" डोळ्यांत औषध घातलेल्या आत्या म्हणाल्या.

"मग आधी का नाही बोललात?"

"तू कंबर म्हंतीस, म्या कशाला मधी तोंड घालू? सुनंच्या आजारात सासू बोलली की सासूच वंगाळ. आज डाक्टर कंबर चांगली म्हणाय लागली, तवा म्हटलं आता बोलावं."

निदानाचा दिवस

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मग शांतपणे सांगितलं की बाहेरून तपासते आणि मग मागच्या बाजूनं, हातमोजा घालून, बोट आत घालून हाड हलवून बघावं लागेल. "एक मिनिट लागेल. नको वाटलं तर नाही म्हणा, मी थांबते." मी याच तपासणीला घाबरून सात महिने काढले होते. ते एक मिनिट वाईट होतं, खोटं सांगत नाही. पण त्यांनी त्या हाडाला हात लावला आणि मी ओरडले, "हेच. हेच ते." इतकं हायसं वाटलं. एवढे दिवस सगळे माझ्या दुखण्याच्या वीतभर वरती उपचार करत होते, आज कुणीतरी दुखण्याला हात लावला होता.

मग दोन एक्सरे झाले, एक उभ्यानं आणि एक बसून. बसल्यावर ते शेपटाचं हाड हवं त्यापेक्षा जास्त मागं वाकत होतं. पडताना तिथला सांधा दुखावला होता आणि मी लाकडी खुर्चीवर बसून बसून त्याला बरं व्हायची संधीच दिली नव्हती.

मी विचारलं, "डॉक्टर, वाईट काही नाही ना?"

"त्यातलं काहीही नाही," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले आणि मिस्टरांना म्हटलं, "मला शंभर वर्षं काही होत नाही." ते म्हणाले, "मला माहीत होतं." मग दोन मिनिटांनी म्हणाले, "माहीत नव्हतं. मी पण घाबरलो होतो." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हा माणूस घाबरतो हे मला तेव्हा कळलं. कँटीनमध्ये तिघांनी उप्पीट खाल्लं. मी उभ्यानं.

काय काय केलं

डॉक्टरांनी उपायांच्या पायऱ्या सांगितल्या. खालची आधी चढायची, तिथं भागलं तर वर जायचं नाही. अगदी शेवटची पायरी ऑपरेशन करून हाडाचा तुकडा काढायची, आणि तिथवर जायची वेळ फार थोड्यांवर येते म्हणाल्या. मी ऑपरेशन हा शब्द ऐकून जी हबकले ती पहिल्या पायरीला घट्ट धरून बसले.

पहिली पायरी उशी. मेडिकलमधून मधोमध भोक असलेली गोल उशी आणली, तर दुखणं वाढलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, भोक मधोमध नको, मागची बाजू कापलेली हवी, म्हणजे हाड अधांतरी राहतं. साताऱ्यात तशी मिळेना. शेवटी मुमताजभाभींना खरं सांगितलं. त्यांना वाटत होतं मला कमरेचा जुना आजार आहे. ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मीच पाडलं तुम्हाला." मी म्हटलं, "तुम्ही पाडलंत म्हणून तुम्ही शिकलात, मी फुकट नाही पडले." दुसऱ्या दिवशी त्यांचे मिस्टर चार जाडीचे फोम घेऊन घरी आले. मी एकेकावर बसून बघितलं, त्यांनी खडूनं खूण केली, मागून घोड्याच्या नालासारखा आकार कापला आणि वर काळं रेक्झिन शिवलं. ती उशी घेऊन मी बँकेत, लग्नात, देवळात, सगळीकडं जाते.

बाकी साधंच होतं. फळी काढली, गादी घातली. खुर्चीवर किंचित पुढं झुकून बसायचं. उठताना आधी पुढं वाकायचं, मग उठायचं. कोमट पाण्याच्या टबात बसायचं. पोट साफ राहावं म्हणून रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी, याचा उपयोग गोळ्यांहून जास्त झाला. गोळ्या थोडेच दिवस. आणि साताऱ्यातल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं खालचे स्नायू सैल सोडायला शिकवलं. "काकू, तुम्ही सगळं आवळून धरलंय," ती म्हणायची. सात महिने आवळूनच धरलेलं होतं, ते सुटायला महिना लागला.

दीड महिन्यात निम्मं दुखणं गेलं आणि तिथं अडलं. मग पुढची पायरी, इंजेक्शन. पुन्हा मिरज. मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा, पालथं झोपवलेलं, आणि मणक्याशेजारी सुई टोचणार म्हणून मी कॉटची कड घट्ट धरलेली. सिस्टरनं बोलतं ठेवायला विचारलं, काय करता? मी सांगितलं. ती म्हणाली, "मला पण शिकवा की. नवरा शिकवताना लय बोलतो." मी पालथी पडल्या पडल्या तिला ब्रेक कसा दाबायचा ते सांगत होते, तोवर डॉक्टर म्हणाल्या, "झालं."

दोन दिवस ती जागा ठणकली. चौथ्या दिवशी रात्री जेवताना आत्या म्हणाल्या, "शोभे, तुझी उशी कुठाय?" उशी दुसऱ्या खोलीत होती. मी तशीच बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. सगळ्यांना एकाच इंजेक्शनात असा गुण येतो असं नाही. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या बाईचं ते दुसरं होतं. तेव्हा माझं बघून कुणी हिशेब बांधू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. फक्त बोट बरोबर जागी ठेवावं.

मागची सीट

डॉक्टरांनी तीन महिने स्कूटरवर मागं बसायला बंदी घातली होती. "नंतर हळूहळू, उशी घेऊन. दुखलं तर उतरायचं आणि मला फोन करायचा." ते तीन महिने मी कसे काढले ते विचारू नका. दुखणं परत आलं तर मिस्टर म्हणाले तसंच होणार, क्लास बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं.

परवाच्या सोमवारी मैदानावर गेले. आठ जणी आल्या होत्या, निम्म्या नवीन. मी मागच्या सीटवर उशी पट्ट्यानं बांधली. एकीनं विचारलं, "मॅडम, हे काय?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "माझं माकडहाड दुखतं. बुडाचं हाड. सात महिने लाजेनं कंबर सांगितली आणि कमरेचे उपचार घेतले. आता बरी आहे. कुणाला हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, नंतर गाडीवर हसायचं नाही." सगळ्या हसल्या, मी पण हसले. मग पहिली गाडीवर बसली ती सुनंदा, कोरेगावजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मी तिच्या मागं बसले.

गाडी सुटली. मैदानाच्या कडेला पाण्याच्या पाइपवर मातीचा उंचवटा आहे, तो लांबूनच दिसत होता. गाडी त्यावरून उडाली. मी वाट बघितली. थोडं दबल्यासारखं झालं, बाकी काही नाही. दुसऱ्या फेरीलाही काही नाही. मला इतका आनंद झाला की मी सुनंदाला पुढं बघायचं सांगायचीच विसरले, आणि ती आपली आपण पुढं बघून चांगली चालवत होती.

तिसऱ्या फेरीला ती तशीच, मान न वळवता म्हणाली, "मॅडम, मघाशी तुमी सांगितलं ना, मला बी तितंच दुखतं. धाकटीच्या बाळंतपणापास्नं. घरी कंबर म्हणूनच सांगितलंय."

मी विचारलं, "केवढी झाली धाकटी?"

"नववीला हाय."

मी तिच्या दोन्ही बाजूंनी हात पुढं घातले, ब्रेक दाबला आणि गाडी थांबवली.